कोंबड्यांचा दाणा स्वस्त करायचाय? आधी ओला कचरा मोजा

नागपूरच्या आजूबाजूला पन्नास-शंभर गावरान कोंबड्या पाळणाऱ्या कुणालाही विचारा, पैसा जातो कुठे? दाण्यात, असंच उत्तर मिळेल. कोंबडीपालनाच्या एकूण खर्चात साठ ते सत्तर टक्के वाटा खाद्याचा असतो. त्यातही मका आणि तांदळाची कणी माणूस कशीबशी जमवतो. गाडी अडते ती प्रथिनावर. सोयाबीनची डीओसी (तेल काढलेली पेंड) आणि सुकट किंवा फिशमील या दोन पोत्यांनीच बिल फुगतं.

म्हणून हल्ली जो तो अळ्यांबद्दल विचारतो. काळी सैनिक माशी म्हणजे ब्लॅक सोल्जर फ्लाय, बोलण्यात नुसतं ‘बीएसएफ’. तिच्या अळ्या ओल्या कचऱ्यावर वाढतात आणि कोंबड्या त्या मिटक्या मारत खातात. व्हिडिओंत हे सगळं फार सोपं दिसतं. सोपं आहेही, पण त्यातून पैसा वाचतो की नुसता उद्योग वाढतो, हे माशीवर ठरत नाही. तुमच्या दारात रोज किती आणि कसला कचरा येतो, यावर ते ठरतं. हा लेख २५ ते १०० पक्षी किंवा एखादं छोटं शेततळं असलेल्यांसाठी आहे. हजारो ब्रॉयलरचं शेड असेल तर कंपनीचं तयार खाद्यच बरं, त्यात हात घालू नका.

अळ्यांआधी बाकीचे पर्याय बघून घ्या

सुकट आपल्याकडे आठवडी बाजारात सहज मिळते. बारीक मासळी, झिंगे, कधी नुसता चुरा. चांगल्या फिशमीलमध्ये साठ टक्क्यांच्या आसपास प्रथिन असतं आणि कोंबडीला लागणारं मेथिओनीन नावाचं अमिनो आम्ल त्यात भरपूर असतं. पण बाजारातला चुरा म्हणजे फिशमील नव्हे. त्यात वाळू असते, मीठ असतं, आणि कधीकधी प्रथिन जास्त दिसावं म्हणून यूरियाही घातलेला असतो.

वाळू ओळखणं सोपं. ग्लासभर पाण्यात दोन चमचे चुरा टाकून ढवळा, तळाशी काय बसतं ते पाहा. मीठ जिभेवर कळतं. खारट सुकट खाल्लेल्या कोंबड्या दिवसभर पाणी पितात आणि शेडमधला भुसा ओला करून ठेवतात. यूरियासाठी मात्र आपल्या विदर्भातलं सोयाबीनच कामाला येतं. कच्च्या, न भाजलेल्या सोयाबीनचं पीठ एक चमचा, सुकटीची पूड दोन चमचे आणि थोडं कोमट पाणी एका बाटलीत घालून झाकण लावा. पंधरा-वीस मिनिटांनी झाकण उघडून वास घ्या. कच्च्या सोयाबीनमध्ये युरिएज नावाचं विकर असतं, ते यूरिया फोडून अमोनिया बाहेर काढतं. नाकात झोंबणारा वास आला, तर ते पोतं परत करा. शेजारी दुसऱ्या बाटलीत नुसतं सोयाबीनचं पीठ आणि पाणी ठेवलंत, तर फरक लगेच कळतो. भाजलेलं सोयाबीन इथे चालत नाही, कारण उष्णतेनं ते विकर मरतं.

तेच सोयाबीन घरचं आहे म्हणून कच्चंच भरडून कोंबड्यांना घालणारेही आहेत. घालू नका. कच्च्या दाण्यात प्रथिन पचू न देणारे घटक असतात. नीट भाजलं तरच फायदा.

चिकन सेंटरवरची आतडी-मुंडकी फुकट मिळतात, पण घरगुती पातळीवर ते झंझट मी सुचवणार नाही. कच्ची घातली तर साल्मोनेलापासून बर्ड फ्लूपर्यंत काहीही कळपात शिरू शकतं. उकळायची म्हटलं, तर जळण, वास, कावळे आणि कुत्री, सगळंच दारात येतं.

भंडारा-गडचिरोलीकडे कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं काम चालतं. धागा काढल्यावर उरणाऱ्या प्युपात (कोशातल्या किड्यात) सुकवल्यानंतर निम्म्याच्या आसपास प्रथिन असतं. तिकडे ओळख असेल तर जरूर बघा. मात्र त्यात चरबी भरपूर असते, त्यामुळे ते लवकर खवट होतं. वारुळाची उदई (वाळवी) खणून पिलांना घालणं खेड्यांत जुनंच आहे. पाच-दहा पिलांना ते पुरतं, पन्नास कोंबड्यांना नाही.

रोज आणि मोजून मिळेल असं काही हवं असेल, तर या यादीत अळ्याच उरतात.

माशी ओळखा

शास्त्रीय नाव हर्मेशिया इल्युसेन्स. दिसायला माशीपेक्षा काळ्या गांधीलमाशीसारखी. लांबी दीड ते दोन सेंटीमीटर, पायांची टोकं पांढरी, पोटाच्या सुरुवातीला दोन पारदर्शक खिडक्या. ती चावत नाही, डंख मारत नाही आणि घरमाशीसारखी तुमच्या ताटावरही बसत नाही. मोठी झाल्यावर ती खात नाही म्हटलं तरी चालेल. पाणी पिते, अळीपणी साठवलेल्या चरबीवर आठवडाभर जगते, अंडी घालते आणि मरते. खाण्याचं सगळं काम अळीचं.

मादी एका वेळी साधारण पाचशे अंडी घालते, तीही थेट कचऱ्यात नाही. कचऱ्याच्या जवळच्या कोरड्या फटीत घालते. तीन-चार दिवसांत अंडी फुटतात. पुढे दोन-अडीच आठवडे अळी खात सुटते. मग ती काळपट होते, खाणं सोडते आणि कोरडी, अंधारी जागा शोधत कचऱ्यातून स्वतःच बाहेर सरकते. कोष होऊन माशी बाहेर पडायला आणखी दोनेक आठवडे लागतात.

नवख्याची सर्वांत मोठी गफलत होते ती घरमाशीच्या अळीशी. घरमाशीची अळी पांढरी, मऊ, पुढे टोकदार असते आणि वळवळ फार करते. बीएसएफची अळी चपटी, चिवट, खवल्याखवल्यांची, बदामी रंगाची. बोटांत धरली तर रबरासारखी लागते.

सुकवलेल्या अळीत साधारण ३५ ते ४५ टक्के प्रथिन आणि २५ ते ३५ टक्के चरबी निघते. कॅल्शियम भरपूर असतं. लायसीन (हेही अमिनो आम्लच) चांगलं, मेथिओनीन फिशमीलपेक्षा कमी. हे आकडे अळीनं काय खाल्लं त्यावर हलतात. नुसत्या सडक्या फळांवर वाढवलेली अळी चरबीनं फुगते.

पायरी १: कागदावर हिशोब

क्रेट विकत घेण्याआधी हा हिशोब करा. मोठी गावरान कोंबडी दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम दाणा खाते. पन्नास कोंबड्यांना पाच-सहा किलो लागतो. त्यातला दहा टक्के भाग सुक्या अळ्यांचा धरला, तर रोज अर्धा किलो सुक्या अळ्या हव्यात. ओल्या तीन किलो अळ्या सुकवल्या की एक किलो उरतात, म्हणजे रोज दीड किलो ओल्या अळ्या. तेवढ्यासाठी लागतो रोज १५ किलो ओला कचरा.

हा १५ चा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो परत परत येईल. साधारण पाच दिवसांच्या दहा हजार बारक्या अळ्या बारा दिवसांत १५ किलो ओला कचरा संपवतात आणि त्यातून दीड-दोन किलो ओल्या अळ्या मिळतात. ६० बाय ४० सेंटीमीटरच्या एका क्रेटचं हे गणित आहे. रोज एक क्रेट भरायचा आणि रोज एक उपसायचा असेल, तर एकूण बारा-तेरा क्रेट लागतात. ते एका लोखंडी रॅकमध्ये मावतात.

आता पैशाचं. एक किलो सुकी अळी प्रथिनात साधारण ९०० ग्रॅम डीओसीची जागा घेते. अर्धा किलो रोजचा म्हणजे महिन्याला तेरा-चौदा किलो डीओसी वाचते. नागपूरच्या कळमना बाजारातला चालू भाव लावून गुणाकार करा आणि येणाऱ्या रकमेकडे शांतपणे बघा. ती मोठी नाही. रोज तास-दीड तास मेहनत आणि कचरा आणायला पेट्रोल, असं असेल तर धंदा तोट्याचा. पण कचरा तुमच्याच दारात पडत असेल (भाजीचा मळा, खानावळ, ज्यूस सेंटर, वसतिगृहाची मेस), तर चित्र बदलतं. डीओसीऐवजी तुम्ही महागडं फिशमील घेत असाल, तरीही बदलतं. तिसरी गोष्ट म्हणजे अंगणात सोडलेल्या, फक्त कणी आणि उष्टंखरकटं खाणाऱ्या कोंबड्या. त्यांना मुळात प्रथिनच कमी पडत असतं, त्यामुळे मूठभर अळ्यांचाही परिणाम अंड्यांवर दिसतो.

एवढ्यावरून हेही कळतं की सुक्या अळ्या बाहेरून विकत आणून कोंबड्यांना घालण्यात काही अर्थ नाही. पाकिटातल्या अळ्या शोभेच्या माशांसाठी आणि पिंजऱ्यातल्या पक्ष्यांसाठी विकल्या जातात, आणि भावही तसाच असतो.

पायरी २: कोणता कचरा घ्यायचा

कळमना किंवा कॉटन मार्केटमधून भाजीपाल्याचा उरलासुरला माल मिळू शकतो. पण आठवड्यातून एकदा दीडशे किलो मिळून उपयोग नाही, रोज पंधरा हवा. मंगल कार्यालयांचंही तसंच. लग्नसराईत पातेली भरून अन्न मिळतं, चातुर्मासात काहीच नाही.

पालेभाजी, टोमॅटो, काकडी यांत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. नुसतं तेच घातलं तर क्रेटमध्ये रबडी होते आणि अळ्या भिंती चढून पळतात. त्यात कोरडं काहीतरी मिसळावं लागतं. जिल्ह्याच्या पूर्वेला मौदा-रामटेककडे धानाचा कोंडा मिळतो. शहरात दालमिलची चुनी मिळते. शेतातलं कुटार (मळणीनंतरचा भुसा) थोडं चालतं, पण त्याला पोषण कमी. मिश्रण मुठीत घट्ट दाबा. बोटांच्या फटीतून दोन-चार थेंब आले तर बरोबर, धार लागली तर कोंडा घाला, काहीच आलं नाही तर पाणी शिंपडा.

संत्र्याचं वेगळं सांगायला हवं, कारण काटोल-नरखेड पट्ट्यात पहिला विचार त्याचाच येतो. अंबिया बहार ऑक्टोबर ते डिसेंबर, मृग फेब्रुवारी-मार्च. दोन्ही वेळी गळालेली फळं आणि रस काढल्यानंतरचा चोथा ढिगानं असतो. गर अळ्या खातात. सालींमधलं तेल आणि आंबटपणा मात्र त्यांना मानवत नाही. एकूण मिश्रणात संत्री पाव भागाच्या वर नेऊ नका, आणि सालीसकट घालायचीच असतील तर आधी ठेचून चार-पाच दिवस आंबवत ठेवा.

सावजीचं उरलेलं घेऊ नका. तिखट, तेल, मीठ, वर हाडं. साधा वरण-भात, पोळ्या, उसळ चालते, पण जास्तीचं तेल निथळून.

काही गोष्टी अजिबात घ्यायच्या नाहीत: मेलेली जनावरं, मटण-मासळीचा कचरा, दवाखान्याचा कचरा, विष्ठा, आणि सांडपाण्याच्या गाळात वाढलेली भाजी. अळी कॅडमियमसारखे जड धातू अंगात साठवते, आणि ते पुढे अंड्यात येऊ नयेत म्हणून काळजी आपणच घ्यायची. फवारणी नुकतीच झालेल्या फुलकोबीची पानंही टाळा. कीटकनाशक कीटकासाठीच असतं, आणि तुमची अळीही कीटकच आहे. नव्या ठिकाणचा माल आधी मूठभर अळ्यांना घालून एक दिवस वाट पाहा.

पायरी ३: जागा

सावली, वारा, आणि कोंबड्या व घर या दोन्हींपासून थोडं अंतर. गोठ्याची एक बाजू, टिनाखाली वर गवताचं छप्पर, नाहीतर मोठ्या आंब्याखाली शेडनेट. रॅकचा प्रत्येक पाय पाणी आणि थोडं तेल घातलेल्या वाटीत ठेवा. लाल मुंग्या एका रात्रीत बारक्या अळ्यांचा फडशा पाडतात. उंदीर, पाल, खार यांच्यासाठी बारीक जाळी. आणि स्वतःच्या कोंबड्यांसाठी पक्कं दार, कारण एकदा चव कळली की त्या रॅकभोवतीच घुटमळतात.

पायरी ४: बी कुठून आणायचं

आधीच बीएसएफ करणाऱ्या एखाद्याकडून अंडी किंवा बारक्या अळ्या घेतल्या, तर महिनाभर वाचतो. एक ग्रॅममध्ये पस्तीस-चाळीस हजार अंडी असतात. न फुटणारी अंडी आणि मरणाऱ्या अळ्या धरून एका क्रेटला अर्धा ग्रॅम पुष्कळ झाला.

विकत घ्यायचं नसेल तर पावसाळ्यात रानातली माशी बोलवा. जून-जुलैत पाऊस लागला की बादलीत भिजवलेला, आंबलेला मका आणि कोंडा ठेवा. बादली झाडाच्या सावलीत, कचऱ्याच्या ढिगाजवळ ठेवा आणि वर नालीदार पुठ्ठ्याचे तुकडे बांधून टांगा. पुठ्ठा ओला होता कामा नये. काही दिवसांत पुठ्ठ्याच्या नळ्यांमध्ये फिक्या पिवळ्या, रव्यासारख्या अंड्यांचे पुंजके दिसतील. आधी घरमाश्याच येतील, त्यानं हिरमुसू नका.

अंडी मिळाली की ती पुठ्ठ्यासकट एका घमेल्यावर जाळीत ठेवा. खाली कोंबडीच्या पिलांचं खाद्य किंवा कोंडा, मुठीत दाबल्यावर थेंब येईल इतका ओला. फुटलेल्या अळ्या इतक्या बारीक असतात की त्या हलणाऱ्या धुळीसारख्या दिसतात. पहिले पाच दिवस त्यांना याच बाळंतिणीच्या खोलीत राहू द्या. थेट भाजीच्या कचऱ्यात टाकल्या तर निम्म्या मरतात.

पायरी ५: बारा दिवसांचा फेरा

कचरा एक-दोन सेंटीमीटरचे तुकडे होतील इतका ठेचा किंवा कुट्टी मशीनमधून काढा. अळीला दात नाहीत, अख्खा भोपळा ती फोडणार नाही. १५ किलो एकदम टाकायचे नाहीत. पहिल्या दिवशी पाच किलो, पाचव्या दिवशी पाच, आठव्या दिवशी पाच. थर तीन-चार बोटांपेक्षा जाड करू नका, खालचा भाग कुजतो.

दोन-तीन दिवसांत क्रेटवर हात धरलात तर ऊब जाणवेल. हजारो अळ्या एकत्र खातात तेव्हा आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा पाच-दहा अंशांनी वर जातं. कान जवळ नेला तर पावसाच्या भुरभुरीसारखा आवाज येतो. आवाज आहे म्हणजे खाणं चालू आहे. थांबला आणि वर न खाल्लेला थर दिसत असेल, तर पुढचा हप्ता एक दिवस लांबवा.

बिघाड बहुतेक दोनच असतात. आंबूस कुबट वास आला तर पाणी जास्त किंवा खाणं जास्त. कोंडा मिसळा, हातानं वरखाली करा. अळ्या भिंतीवर चढायला लागल्या तर ओल जास्त किंवा उष्णता जास्त. नीट चाललेल्या क्रेटला ओल्या मातीसारखा वास येतो, आणि शेजाऱ्यांची तक्रार येण्यासारखं त्यात काही नसतं.

शेजारच्या काकू तरी विचारतीलच: “काहून हो भाऊ, किडे खाल्लेल्या कोंबडीचे अंडे आमी खायचे का?” त्यांना विचारा, गावरान कोंबडी दिवसभर उकिरड्यावर काय टिपते? तिथे जे मिळेल ते. इथे निदान अळीनं काय खाल्लं हे आपल्याला माहीत असतं.

पायरी ६: काढणी आणि सुकवण

अळ्या बदामी असतानाच काढा. काळ्या पडल्या की कातडं जाड होतं आणि पचायला जड जातं. आदल्या दिवशी वरून मूठभर कोरडा कोंडा भुरभुरवा, म्हणजे माल मोकळा होतो. मग तीन-चार मिलिमीटरच्या चाळणीनं चाळा. खाली पडेल ते खत, वर राहतील त्या अळ्या. खत लगेच कुंडीत टाकू नका, तीन-चार आठवडे सावलीत मुरू द्या.

अळ्या पाण्यानं धुवा आणि खळखळत्या पाण्यात एक-दोन मिनिटं बुडवून काढा. यानं जंतू कमी होतात, अळ्या लगेच मरतात आणि सुकताना काळ्या पडत नाहीत. मग ताडपत्रीवर पातळ पसरा. नागपूरचं मार्च-एप्रिलचं ऊन असेल तर दोन दिवसांत कुरकुरीत होतात. बोटांत मोडल्यावर कट्‌ आवाज आला पाहिजे. पावसाळ्यात सुकवण्याच्या भानगडीत पडू नका, धुऊन-उकळून ओल्याच घाला. हवाबंद डब्यात सुक्या अळ्या महिना-दीड महिना टिकतात. पुढे चरबी खवट होते, आणि खवट वास आला की त्या खताच्या ढिगात.

पायरी ७: घालायच्या किती

एकदम नाही. पहिल्या आठवड्यात थोड्या थोड्या वाढवत दहा टक्क्यांवर या. अंडी देणाऱ्या गावरान कोंबड्यांसाठी दहा किलोचं एक साधं मिश्रण: मका ५ किलो, तेल काढलेला तांदळाचा कोंडा १ किलो ८०० ग्रॅम, सोया डीओसी १ किलो २०० ग्रॅम, सुक्या अळ्यांचा चुरा १ किलो, शिंपल्याची चुरी ८०० ग्रॅम, मिनरल मिक्स्चर आणि मीठ मिळून २०० ग्रॅम, त्यात मीठ ३० ग्रॅमच्या वर नको. यात प्रथिन सोळा टक्क्यांच्या आसपास बसतं. अळ्यांत कॅल्शियम असतं म्हणून शिंपला बंद करणारे आहेत, मग कवचं पातळ होतात आणि दोष अळ्यांना देतात. डीओसीही पूर्ण बंद करू नका.

लहान पिलांना वीस-बावीस टक्के प्रथिन लागतं. त्यांच्यासाठी पहिले काही आठवडे तयार चिक मॅशच वापरा, अळ्या बारीक करून फक्त चवीपुरत्या. शेततळ्यात देशी मागूर, मरळ, पंगस हे मासे अळ्या आवडीनं खातात, कटला-रोहूला त्यांचं तेवढं अप्रूप नाही. थाई मांगूरवर देशात बंदी आहे, तो कुणी कितीही स्वस्तात बीज देत असला तरी घेऊ नका.

गायी, म्हशी, शेळ्या मात्र यातून पूर्ण बाहेर. ब्रिटनमध्ये १९८६ मध्ये ‘मॅड काऊ’ रोग ओळखला गेला. गुरांच्याच मांस-हाडांची भुकटी गुरांना खाऊ घातल्यानं तो पसरला होता. आपल्याकडे एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या केंद्रीय प्राधिकरणानंही कोंबडी, डुक्कर आणि मासे सोडून इतर दुभत्या व मांसाच्या जनावरांना मांस-हाडांची, रक्ताची भुकटी घालायला मनाई केली आहे. अळ्यांचं नाव त्यात नसलं तरी रवंथ करणाऱ्या जनावराला त्यांची गरज नाही. गायीला सरकीची ढेप, चुनी आणि हिरवा चारा पुरे.

पायरी ८: पुढचं बी घरीच

दर क्रेटमधल्या तीन-चारशे अळ्या बाजूला काढून काळ्या होऊ द्या. कोरड्या लाकडाच्या भुशात, झाकलेल्या अंधाऱ्या डब्यात त्या कोषात जातात. माश्या निघायला लागल्या की डबा मच्छरदाणीच्या पिंजऱ्यात ठेवा. पिंजरा अशा जागी, जिथे सकाळचं ऊन पडतं. या माश्यांना जुगायला उजेड लागतो, बल्बच्या प्रकाशात त्यांचं मन लागत नाही. आत एक ओलं फडकं, आणि वासाच्या बादलीवर (पायरी ४ मधल्यासारखा आंबलेला मका-कोंडा) लाकडी पट्ट्यांची जुडी. पट्ट्यांमध्ये ड्रॉइंग पिन टोचून मिलिमीटर-दोन मिलिमीटर फट ठेवा. अंडी तिथेच मिळतील. सुरीच्या पाठीनं हळूच खरवडून घ्या.

नागपूरचं वेळापत्रक

अळीला २७ ते ३० अंश सुखाचे. आपल्याकडे पाऊस स्थिरावल्यापासून दिवाळीपर्यंत सगळं आपसूक जमतं, म्हणून सुरुवात जुलै-ऑगस्टमध्ये करा. पोळ्यापर्यंत पहिला क्रेट हातात येतो. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या आसपास उतरला की अळ्या सुस्तावतात, बारा दिवसांचा फेरा वीसवर जातो, ढगाळ दिवसांत अंडीही कमी. क्रेट एकमेकांना चिकटवून ठेवा आणि रात्री बारदाना पांघरा.

खरी परीक्षा मे महिन्याची. बाहेर ४५ अंश आणि क्रेटमध्ये त्याहून जास्त, म्हणजे अख्खा क्रेट दुपारी तीनला उकडून निघतो. तट्ट्या, कूलर, ओली पोती लावून माणसं झगडतात. माझ्या मते छोट्या युनिटनं ते करू नये. फेब्रुवारी-मार्चमध्ये जास्तीचे क्रेट लावा, एप्रिलच्या उन्हात सुकवून साठा करा आणि एप्रिलअखेर ते पाऊस लागेपर्यंत क्रेट बंद ठेवा. साठा संपला की तेवढे दिवस डीओसी वाढवा. बी टिकवायचं असेल तर घरातल्या थंड खोलीत एक-दोन घमेली सांभाळा, किंवा सरळ पावसाळ्यात नव्यानं बादली टांगा.

तपासणी आणि विक्री

स्वतःच्या कोंबड्यांना घालण्यापुरतं असेल तोवर कुणाला विचारायला नको. दाणा मिसळून विकायला लागलात, तर कोंबडीखाद्यासाठी भारतीय मानक आयएस १३७४ आहे. त्याची अट समजून घेतल्याशिवाय पिशवीवर टक्केवारी छापू नका.

पहिला सुका माल तयार झाला की एकदा प्रयोगशाळेतून तपासून घ्या. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आपल्या नागपुरातच आहे. सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात पशुपोषण विभागाकडे आधी चौकशी करा, शेततळ्याच्या खाद्यासाठी विद्यापीठाच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयाकडे. ओलावा, प्रथिन, चरबी आणि राख एवढ्या चार गोष्टी मागा. नमुना एकाच क्रेटचा देऊ नका. वेगवेगळ्या क्रेटमधल्या सुक्या अळ्या मिसळून त्यातला अर्धा किलो कोरड्या, घट्ट बंद पिशवीत द्या, आणि पिशवीवर काढणीची तारीख व अळ्यांना काय खायला घातलं होतं ते लिहा. पुढच्या हंगामात कचरा बदलला की हीच तपासणी परत करावी लागते.